फेब्रुवारीत मित्रांसोबत स्कीइंग : औली, गुलमर्ग की गप गोव्याला जावं?

हॉस्टेल_ब्लॉक_सी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही सहा जण, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलपासूनचे. चाळिशी उलटली, पोटं सुटली, दोघांचे केस गेले, पण दरवर्षी ट्रिपचा विषय निघाला की ग्रुपवर नुसते अंगठे पडतात आणि होत काहीच नाही. यंदा एकाने (हा अमेरिकेत बे एरियात असतो, फेब्रुवारीत भारतात येतोय) स्कीइंगचं खूळ काढलंय. त्याच्या मते गुलमर्गला जायचं, तो स्वतः सगळ्यांना दोन दिवसांत शिकवणार आणि तिसऱ्या दिवशी सगळे डोंगरमाथ्यावरून खाली. दुसरा म्हणतो औली स्वस्त पडेल. तिसऱ्याचा गुडघा कुरकुरतो. चौथ्याला स्की करायचंच नाही, तो म्हणतो मी हॉटेलात बसतो, तुम्ही हाडं मोडून या, आणि खरं तर त्याला गोव्यालाच जायचंय. पाचवा दुबईहून येणार, त्याला कुठेही चालेल. सहावा मी, सगळं बुकिंग माझ्या गळ्यात.

तर औली की गुलमर्ग? किती दिवस लागतात? आणि ज्याला स्की करायचं नाही त्याचं काय करायचं? विमान धरून माणशी पन्नास-साठ हजारांपर्यंत तयारी आहे.

सह्यवेडा_नाशिक

औलीचं सांगतो. उतार नवशिक्यांसाठी झकास, आणि पडल्या पडल्या समोर नंदादेवी दिसते, त्यामुळे पडल्याचं फार दुःख होत नाही. अडचण पोचण्याची आहे. जोशीमठहून वर जाणारा चार किलोमीटरचा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये तिथली जमीन खचली तेव्हापासून बंद पडलाय, त्यामुळे जीपनेच वर जायचं, आणि बर्फ जास्त असला की ड्रायव्हर सांगेल तिथे उतरून सामान घेऊन चालायचं. ऋषिकेश ते जोशीमठ अडीचशे किलोमीटर, पण अख्खा दिवस घाटात जातो. म्हणजे पुण्याहून जायचे दोन दिवस, यायचे दोन, आठवड्याच्या रजेत हातात उरतात तीन.

खरंच शिकायचं असेल तर मात्र गढवाल मंडल विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे कोर्स असतात. राहणं, जेवण, सामान, इन्स्ट्रक्टर सगळं त्यात येतं. आता तुम्हा सहा जणांना घरून १४ दिवस सोडतात का ते तुम्ही बघा.

मीच_ती_खडूस

सहा पुरुष १४ दिवस घराबाहेर? घरचे आनंदाने सोडतील, तुम्ही विचारून तर बघा :)

कहवा_दे_दोन

गुलमर्ग. डोळे झाकून.

श्रीनगरला उतरा, पन्नास किलोमीटरवर गुलमर्ग, दुपारचं जेवण तिथे. शेवटचा तेरा किलोमीटरचा घाट तंगमर्गपासून सुरू होतो, तिथे बर्फ असला की चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर गाडीच वर सोडतात, त्यामुळे श्रीनगरच्या टॅक्सीवाल्याशी आधीच बोलून ठेवा की वरपर्यंत नेणार की तंगमर्गला उतरवणार. नाहीतर तिथे नव्याने घासाघीस, ती पण थंडीत.

आता गंडोला, म्हणजे तिथला केबिनवाला रोपवे. लोकांना वाटतं गुलमर्गला गेलो म्हणजे गंडोल्यात बसायचं आणि वरून घसरत यायचं. तसं नाहीये. पहिला टप्पा गुलमर्ग ते कोंगडोरी, साधारण २६५० मीटरवरून तीन हजारांच्या थोडं वर. दुसरा टप्पा अफरवटला, तो जवळजवळ चार हजार मीटरला नेऊन सोडतो. तिथून खाली येणं हे वर्षानुवर्षं स्की करणाऱ्यांचं काम. नवशिक्यांचे उतार खालीच आहेत, गोल्फ कोर्सच्या बाजूला, छोट्या लिफ्ट लावलेल्या. तुमचे पहिले तीन दिवस तिथेच जाणार. गंडोल्यात बसाच, पण बघायला. तिकीट ऑनलाइन आधी काढा, गर्दीच्या दिवसात खिडकीवर जाऊन मिळेल ह्या भरवशावर राहू नका.

आणि हो, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. सहापैकी किमान दोघांकडे पोस्टपेड हवं, नाहीतर एकमेकांना शोधत बसाल.

टाहोकर

धागाकर्त्याचा तो बे एरियावाला मित्र मीच. लिंक ग्रुपवर टाकली की वाचणारच ना.

बाकी सगळं मान्य, पण शिकवायचं मला जमतं हो. पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर, असा पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार केला की थांबतं. त्यात काय आहे? इन्स्ट्रक्टरला पैसे कशाला?

कूपरटिनोची_काकू

टाहोकर, तुम्ही बहुतेक आमच्याच गल्लीत राहता, म्हणून हक्काने सांगते. मित्राने मित्राला स्की शिकवायला जाऊ नये. नवऱ्याकडून गाडी शिकायला बसलेल्या बाईला विचारा काय होतं ते. तुम्हाला वाटतं उतार सोपा आहे, कारण तुम्हाला येतं. त्या बिचाऱ्याला वरून तो उतार भिंत दिसतो. तुम्ही "अरे सोड, काही होत नाही" म्हणणार, तो सोडणार, आणि मग रात्री जेवताना कोणी कोणाशी बोलणार नाही.

आम्ही चार कुटुंबं मिळून दर हिवाळ्यात टाहोला, म्हणजे इकडच्या स्कीच्या डोंगरात, केबिन घेतो. पूर्वी अशी शिकवणी झालेली आहे, दोन मित्रांत वर्षभर अबोला होता, नावं सांगत नाही. आता नियम असा की नवीन माणूस पहिल्या सकाळी स्की स्कूलमध्ये जाणार म्हणजे जाणार. ज्यांना येतं ते त्यांच्या वेगाने, ज्यांना येत नाही ते त्यांच्या, आणि साडेबाराला सगळे लॉजच्या खाली भेटणार. सगळे कायम एकत्रच असले पाहिजेत हा हट्ट सोडला की ट्रिप सुखाची होते.

मी स्वतः स्की करत नाही. मी तिथे खिडकीशी बसते, पुस्तक वाचते, चारला सगळे थकून आले की पिठलं-भात टाकते. त्यामुळे तुमच्या त्या चौथ्या मित्राला माझा नमस्कार सांगा, आणि त्याला कोणी आळशी म्हणू नका. संध्याकाळी सगळ्यात जास्त भाव त्यालाच असतो.

टाहोकर

काकू, गल्ली सांगा, पिठलं खायला येतो.

कूपरटिनोची_काकू

आधी इन्स्ट्रक्टर बुक करा.

हाडवैद्य_नाहीये_फिजिओ_आहे

गुडघ्याबद्दल लिहितो कारण तो प्रश्न चेष्टेत जाईल. कुरकुरतो म्हणजे नक्की काय ते आधी ऑर्थोपेडिकला दाखवा. जिना उतरताना दुखणं वेगळं आणि गुडघा अचानक निसटल्यासारखा वाटणं वेगळं. दुसरं असेल तर स्की नकोच.

बाकी पाच जणांनी आत्तापासून मांड्यांचा व्यायाम सुरू करा. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं बसा, वेळ वाढवत न्या. ट्रेकिंग करणाऱ्यांना वाटतं आपण फिट आहोत, पण इथे गुडघे वाकवून तासन् तास राहायचं असतं, ती सवय वेगळी.

पडणार तर आहातच. पडताना मागे बसायला जाऊ नका, हात पुढे ठेवून बाजूला पडा आणि पूर्ण थांबल्याशिवाय उठायची धडपड करू नका. घसरता घसरता उठायला गेलेल्यांचेच गुडघ्यातले लिगामेंट जास्त जातात. आणि पडताना काठी सोडून द्या. मुठीत घट्ट धरून पडलं की अंगठा मागे मुरगळतो, हे दुखणं इतकं सर्रास आहे की त्याला स्कीअर्स थम्ब असं नावच पडलंय.

अजून एक. स्की भाड्याने घेताना वजन विचारतात ते खरं सांगा. बूट ज्या क्लिपमध्ये अडकतो तो बाइंडिंग पडल्यावर आपोआप सुटायला हवा, आणि किती जोर आल्यावर सुटायचं ते तुमचं वजन, उंची, वय, बुटाचा तळ आणि तुम्हाला किती येतं ह्यावरून लावतात. लाजेखातर दहा किलो कमी सांगितलंत तर साधं वळतानाही स्की निघून जाईल, आणि भाव खायला "मला चांगलं येतं" म्हणालात तर नको तेव्हा निघणारच नाही.

शेंगदाणा_चटणी

मित्रांसमोर खरं वजन सांगायचं?? गोवाच बरं.

मीच_ती_खडूस

चिठ्ठीवर लिहून द्या.

सोलंगचा_गमबूट

एवढं गंभीर कशाला घेताय सगळे? आम्ही कॉलेजचे मित्र मनालीला गेलो होतो. सोलंगच्या रस्त्याला ओळीने दुकानं आहेत, प्रत्येकावर मोठ्ठा नंबर रंगवलेला, ड्रायव्हर त्याच्या ठरलेल्या नंबरावर गाडी थांबवतो. आत शेकडो झगमगीत ओव्हरकोट आणि गमबूट, आदल्या गिऱ्हाइकाच्या घामासकट. एका मित्राला गुलाबी सोडून दुसरा त्याच्या मापाचा मिळेना, अजून त्याला त्यावरून छळतो. वर गेल्यावर एकाने पायाला स्की बांधली, हाताला धरून पन्नास पावलं नेलं, फोटो काढला, अर्धा तास संपला. मजा आली! सगळ्यांनाच काही ऑलिम्पिकला जायचं नसतं.

इन्सब्रुकचा_पेशवा

माफ करा, पण ते स्की नाही, ते फोटो. राग मानू नका. धागाकर्त्याचे मित्र तेवढ्यासाठी काश्मीरला जाणार असतील तर पैसे वाया. अर्ध्या तासात माणसाला फक्त बूट घालता येतात, आणि तेही धड नाही.

बुटाचं सांगतोच आता. नडगी पुढे बुटाच्या जिभेला टेकली पाहिजे, उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम लागतील आणि गुडघे वाकवले की मागे सरकतील असं माप हवं. आपले लोक सैल बूट मागतात, वर दोन दोन मोजे घालतात. एकच मोजा घाला, पातळ आणि लांब. दोन घातले की चुण्या पडतात, पाय दुखतो आणि उलट जास्त गार पडतो. जेवायला बसलात की बकल सैल करा. जीन्स घालू नका, ओली झाली की संपलात.

इकडे ऑस्ट्रियात स्की स्कूलमध्ये चार वर्षांची पोरं तुमच्या बाजूने काठ्यांशिवाय सुळकन निघून जातात आणि तुम्ही उतारावर वर ओढत नेणाऱ्या टी-बार नावाच्या त्या दांड्यावरून पडून ट्रॅकमध्ये आडवे. दांड्यावर बसायचं नसतं, नुसतं टेकायचं असतं, हे कळेपर्यंत सकाळ जाते. तरी चार-पाच दिवस सलग शिकलं की निळा, म्हणजे सोपा उतार आरामात जमतो. दोन दिवसांत मात्र नाही.

सोलंगचा_गमबूट

पेशवे, आम्हाला फोटोही हवाच असतो हो. बाकी मोज्याचं लक्षात ठेवतो.

सह्यवेडा_नाशिक

मनालीचं नाव निघालंच आहे तर, तिथल्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे सोलंगला स्कीचे कोर्स होतात, गमबूटवाल्या अर्ध्या तासावरून सोलंगला नावं ठेवू नका. गुलमर्गलाही केंद्राच्या पर्यटन खात्याची संस्था आहे आणि पहलगामच्या जवाहर संस्थेचे स्की कोर्सही गुलमर्गलाच होतात. बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकला भारताकडून गेलेला एकमेव खेळाडू आरिफ खान हा तिथल्याच भागातला, जायंट स्लालममध्ये ४५ वा आला. म्हणजे शिकवणारी माणसं तिथे आहेत, शिकायची तयारी हवी.

वाळवंटातला_मालवणी

दुबईवरून एक येतोय म्हणालात म्हणून सुचवतो, कझाकस्तानातलं अल्माटी बघा. शहरापासून जवळच शिंबुलाकचं स्की रिसॉर्ट, खाली मेदेऊचं बर्फावरच्या स्केटिंगचं मोठं मैदान, तिथून गंडोला वर. स्की २२६० ते ३२०० मीटरमध्ये. भारतीय पासपोर्टला १४ दिवस व्हिसा लागत नाही. दिल्लीहून विमान चार तासांच्या आत. बर्फाची खात्री आपल्यापेक्षा जास्त. शाकाहारी असाल तर मात्र घोड्याच्या मांसापासून जपा, तिथे ते पक्वान्न आहे.

शेंगदाणा_चटणी

शाकाहारी नसलो तरी जपेन.

पाऊसपाणी

बर्फाचा मुद्दा कोणीच नीट मांडला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं ठणठणीत होतं, नुसतं पिवळं गवत, लोक बुकिंग रद्द करत होते. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धेचा गुलमर्गचा टप्पा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलला, तो मार्चमध्ये झाला. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांना चिल्ला-ए-कलान म्हणतात, थंडी तेव्हा कडाक्याची असते, पण बर्फ पडायला भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ लागतात आणि ते हल्ली उशिरा येताना दिसतात. औलीतही तीच रड. तिथे २०११ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेसाठी कृत्रिम बर्फाच्या तोफा बसवल्या, पण त्यांनाही थंडी लागतेच.

म्हणून फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा धरा आणि हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या.

हॉस्टेल_ब्लॉक_सी

बाप रे, केवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार. वजनाच्या चिठ्ठ्यांची कल्पना ग्रुपवर टाकली, दोन जण ग्रुप सोडून गेले होते, परत घेतले.

अल्माटी चांगलं वाटतंय पण एकाचा पासपोर्ट संपलाय आणि तो आजच करतो, उद्या करतो चाललंय, म्हणजे होणार नाही. घरच्यांना मात्र पहलगामच्या हल्ल्यानंतर काश्मीरची धास्ती वाटतेय, त्याचं काय करावं?

कहवा_दे_दोन

धास्ती वाटणं साहजिक आहे, त्यावर इथे बसून कोणी हमी देऊ नये. जायच्या आधी प्रशासनाच्या सूचना बघा, तिथल्या हॉटेलवाल्याशी फोनवर बोला, आणि पाऊसपाणी म्हणतात तसं रद्द करता येणारं बुकिंग घ्या. घरच्यांना रोज संध्याकाळी फोन. (पोस्टपेड!!)

सरळसोट

टाहोकरांना एक विनंती. तिसऱ्या दिवशी तुम्हाला दुसऱ्या टप्प्यावर जायचा मोह होणार. जा, पण एकटे नाही आणि ठरलेला उतार सोडून नाही. अमेरिकेतल्या रिसॉर्टची सवय असते की हद्दीच्या आत सगळीकडे गस्त आणि सुरुंग लावून हिमकडे आधीच पाडलेले. अफरवटला ती सोय काही भागापुरतीच आहे, हद्दीच्या दोरीपलीकडे तुम्ही आणि तुमचं नशीब. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीअर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन तिथल्या हिमस्खलनात गेले. पलीकडे जायचंच तर स्थानिक गाइड, आणि प्रत्येकाकडे बीकन (गाडला गेलेला माणूस शोधायचं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं, आणि ते वापरता येणं. शिवाय बऱ्याच विमा पॉलिसीत स्की धरतच नाहीत, बारीक अक्षरं वाचा.

सोलंगचा_गमबूट

झालं, घाबरवलंत त्यांना.

सरळसोट

नवशिक्यांना नाही हो घाबरवत. ते खाली गोल्फ कोर्सवर पडतील, उठतील, काही होणार नाही. ज्याला येतं त्यालाच सांगावं लागतं.

टाहोकर

मान्य. आमच्याकडेही नवीन बर्फ पडल्यावर दोरीपलीकडे जाणारे असतात, मी त्यातला नाही. आणि काकूंसाठी जाहीर करतो की पहिले तीन दिवस सकाळी इन्स्ट्रक्टर, दोन-तिघांत एक. दुपारी मी फक्त टाळ्या वाजवायला.

कूपरटिनोची_काकू

शाब्बास. आता या पिठल्याला.

हॉस्टेल_ब्लॉक_सी

तर ठरलं. गुलमर्ग, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, पाच रात्री गुलमर्गला आणि एक श्रीनगरला. गुडघेवाल्याला डॉक्टरांनी स्की नको सांगितलंय, तो आणि गोवेकर मिळून द्रंगचा गोठलेला धबधबा, गंडोला आणि कहवा असा कार्यक्रम करणार. गोवेकर एकदम खूश आहे कारण त्याला जोडीदार मिळाला. आता भांडण फक्त खोल्यांचं उरलंय, घोरणारे दोन आहेत आणि त्या दोघांनाही एकमेकांबरोबर नको.

मीच_ती_खडूस

घोरणाऱ्यांच्या खोलीत ओले मोजे आणि बुटाचे लायनर (आतलं मऊ अस्तर) वाळत घाला. वास आणि आवाज एकाच ठिकाणी राहील.

इन्सब्रुकचा_पेशवा

वाळत घाला पण हीटरला चिकटवून नाही, लायनर वितळतं. आणि बूट रात्री गाडीत किंवा बाल्कनीत ठेवू नका, सकाळी इतके कडक होतात की पाय आत जात नाही.

भिशीवाली_सुनंदा

धाग्यात घुसते, रागवू नका. आम्ही पण सहाच जणी, भिशीच्या, सगळ्या साठीच्या पुढे. स्की अजिबात नाही, पण बर्फात खेळायचंय. तिथे लाकडी स्लेजवर बसवून ओढतात ना? ती माणसं ओढतात हे मला कसंतरीच वाटतं, जावं का नाही?

सह्यवेडा_नाशिक

मला पण नाही आवडत. माणसाने माणसाला चढावर ओढायचं, आपण वर बसून रील काढायची.

कहवा_दे_दोन

आवडायचा प्रश्न तुमचा, पोट त्यांचं आहे. हिवाळ्यात त्यांची कमाई हीच. चढावर उतरून चाला आणि उतारावर बसा, दोघांचं समाधान होईल. सुनंदाताई, भाव बसायच्या आधी ठरवा, कुठून कुठपर्यंत ते पण ठरवा, आणि सहाही जणी एकाच स्लेजवर बसू नका.

भिशीवाली_सुनंदा

पाचच बसू. एक जण फोटो काढायला लागेल.